धातू की लेप? स्वयंपाकघरातील उपकरणांच्या फिनिशची पारख

ओव्हन, फ्रीज, डिशवॉशर आणि चिमणी ही चार उपकरणे मी वेगवेगळ्या वेळी घेतली आणि प्रत्येकाचे फिनिश वेगळे निघाले. त्यामुळे साधे ब्रश्ड स्टील, काळे स्टेनलेस, बोटांचे ठसे न उमटू देणारे स्टील आणि तांब्याच्या रंगाचा पत्रा हे चारही पृष्ठभाग रोजच्या वापरात कसे टिकतात, हे मला शेजारी शेजारी पाहता आले. दुकानातल्या प्रखर उजेडात आपले लक्ष रंगाकडे जाते. खरे तर आधी पाहायला हवे ते हे, की आपल्या हाताला लागतो तो धातू आहे की त्याच्यावर चढवलेला लेप.

ओव्हनचे ब्रश्ड स्टील हा निव्वळ धातू आहे. पोलादात किमान 10.5 टक्के क्रोमियम असले की पृष्ठभागावर क्रोमियम ऑक्साइडचा अत्यंत पातळ थर आपोआप तयार होतो आणि चरा पडला तरी हवेतील ऑक्सिजनमुळे तो पुन्हा भरून येतो. पत्रा एकाच दिशेने घासून त्यावर बारीक रेघा उमटवलेल्या असतात, आणि या रेघांतच या फिनिशचा मोठा गुण आहे: त्यांच्या दिशेने पडलेला हलका ओरखडा सहज मिसळून जातो, किंवा बारीक घासणीने त्याच दिशेने हळुवार घासून पुसट करता येतो. रेघांना आडवा गेलेला ओरखडा मात्र कायम डोळ्यांत खुपतो. लोखंडी तारेची घासणी येथे कधीही वापरू नये, कारण तिचे कण पृष्ठभागात अडकून गंजतात आणि दोष स्टीलला लागतो. क्लोरीनयुक्त ब्लीचही टाळावे, त्याने पृष्ठभागावर बारीक खड्डे पडू शकतात. बोटांचे ठसे हा या फिनिशचा उघड दोष आहे आणि तो मान्यच केला पाहिजे.

लोहचुंबक चिकटला म्हणजे स्टील हलके, हा समज मला अपुरा वाटतो. 304 प्रतीच्या स्टीलमध्ये सुमारे 18 टक्के क्रोमियम आणि 8 टक्के निकेल असते व त्याला चुंबक जवळजवळ चिकटत नाही. 430 प्रतीत निकेल नगण्य असल्याने चुंबक चिकटतो. दमट, खाऱ्या हवेत 304 अधिक टिकते हे खरे, पण कोरड्या घरातल्या दारासाठी 430 पुरेसे आहे.

फ्रीज काळ्या स्टेनलेसचा आहे आणि माझी खरी निराशा त्यानेच केली. घेतला तेव्हा तो अतिशय देखणा होता, ठसेही कमी दिसत. परंतु हा काळेपणा धातूचा नसून वरच्या थराचा असल्यामुळे मुठीजवळ अंगठीने पडलेल्या चऱ्यातून खालची चंदेरी रेघ उघडी पडली. ती घासून काढू गेल्यास आणखी रंग जातो. शिवाय प्रत्येक उत्पादकाचा काळा रंग वेगळा, कुठे तपकिरी झाक तर कुठे निळसर, त्यामुळे पुढे एखादेच उपकरण बदलायचे झाल्यास जोड जमणे कठीण होते.

डिशवॉशरच्या ठसेरोधक स्टीलवर पारदर्शक लेप असतो. ओलसर मऊ कापडाचा एक हात फिरवला की ते स्वच्छ होते, आणि दिवसभर हात लागणाऱ्या दारासाठी मला हेच सर्वांत पसंत आहे. त्यावर स्टील पॉलिश किंवा खरखरीत घासणी चालत नाही; लेप गेला की तेवढ्याच जागी वेगळी चकाकी दिसू लागते.

चिमणीचा तांबूस रंग हा केवळ रंग आहे. खरे तांबे हवेत काळवंडते आणि ते थांबवायचे तर त्यावर लाखेसारखा लेप द्यावा लागतो. आरशासारखे चकचकीत स्टील मी वापरलेले नाही, पण त्यात रेघांचा आडोसा नसल्याने केसाएवढा चराही लपणार नाही.

आज पुन्हा खरेदी करायची असती तर ओव्हनला साधे ब्रश्ड स्टील आणि फ्रीज व डिशवॉशरला ठसेरोधक स्टील घेतले असते. निवड करण्यापूर्वी त्या उपकरणाच्या माहितीपुस्तिकेतील स्वच्छतेचे पान अवश्य मागून वाचावे: स्टील पॉलिश वापरू नका असे तेथे लिहिले असेल, तर पत्र्यावर लेप आहे असे धरून चालावे.