देवपुरातले जिम्नॅस्टिक्स मंडळ: दोन वर्षांची फी भरल्यानंतर

धुळ्यात पांझरा ओलांडून देवपुरात आले की एका जुन्या व्यायामशाळेच्या आवारात पत्र्याची लांब शेड दिसते. तेथे सायंकाळी साडेपाच ते आठ या वेळेत जिम्नॅस्टिक्सचे वर्ग भरतात. ते चालवणारे मंडळ हा नोंदणीकृत सार्वजनिक न्यास असून नफा कमावणे हा त्याचा उद्देश नाही. माझी नऊ वर्षांची मुलगी दोन वर्षांपासून तेथे जाते. मंडळाचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण या अभिप्रायात एक तक्रारही आहे आणि तिचा निकाल अजून लागायचा आहे. मी एका पतसंस्थेत अंतर्गत तपासणीचे काम करतो. त्यामुळे भिंतीवरच्या पदकांपेक्षा कपाटातल्या वह्यांकडे माझे लक्ष आधी जाते.

याआधी सहा महिने मुलगी शहरातल्या एका खाजगी वर्गाला जात होती. गाळा चकचकीत होता, आरसे होते, पण फरशीवरच्या गाद्या इतक्या पातळ होत्या की गुडघा टेकला तरी फरशी लागे, आणि वर्ग सुरू झाला की शटर अर्धे खाली ओढले जाई. पालक समोर असले की मुलांचे लक्ष लागत नाही, असे कारण सांगितले जाई. ते अगदीच खोटे नव्हते. माझी मुलगी मला पाहिले की हमखास लंगडू लागते. तरीही शटरबाहेर उभे राहून तासभर मोबाइल पाहत बसणे मला जमले नाही, म्हणून आम्ही वर्ग सोडला.

मंडळाच्या शेडला दोन्ही बाजूंनी जाळीची दारे आहेत आणि एका कडेला पालकांसाठी बाकडी आहेत. तेथे बसून सगळे पाहता येते, मात्र मुलांना हाक मारायची नाही, असा नियम आहे. पहिल्या दिवशी माझी आई सोबत आली होती. हातावर उभ्या राहिलेल्या मुलांची रांग पाहून तिने अहिराणीत एवढेच विचारले, “पोर उलटी पडनी ते?” प्रश्न बरोबर होता, आणि मंडळाचे मूल्यमापन मी पुढे त्याच प्रश्नावरून करत आलो.

स्पर्धेतली संतुलन फळी जमिनीपासून १२५ सेंटिमीटर उंच आणि फक्त १० सेंटिमीटर रुंद असते. मंडळाकडे तशी एक फळी आहे, पण नवीन मुलांना तिच्याजवळ जाऊ देत नाहीत. आधी फरशीवर चिकटवलेल्या १० सेंटिमीटरच्या पट्टीवरून चालायचे, मग वीतभर उंचीच्या फळीवरून, आणि तेथे तोल सावरता आला, पडताना अंग सैल सोडून लोळता आले, तरच पुढची पायरी मिळते. माझ्या मुलीला वीतभर फळीवरच सात महिने लागले. शेडमध्ये भारतीय जिम्नॅस्ट दीपा कर्माकर यांचे चित्र लावले आहे. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये व्हॉल्टमध्ये, म्हणजे धावत येऊन उपकरणावरून उडी घेण्याच्या प्रकारात, त्या चौथ्या आल्या आणि त्यांचे कांस्यपदक ०.१५ गुणांनी हुकले. ते चित्र पाहून आपल्या मुलाला मागची कोलांटी कधी शिकवणार, असे दर आठवड्याला विचारणारे पालक येथेही आहेत. मुख्य प्रशिक्षक सर त्यांना शांतपणे नकार देतात. हा नकार संस्थेला महागात पडतो, कारण असे दोन-तीन पालक दरवर्षी मुले काढून नेतात.

उन्हाळ्याचा उल्लेख करायला हवा. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४२-४३ च्या पुढे सहज जातो आणि पत्र्याखाली बसवत नाही, म्हणून त्या महिन्यात वर्ग सकाळी साडेसहाला भरतो. कूलर आहेत, पण व्हॉल्टच्या धावपट्टीपासून लांब ठेवलेले, कारण दमट हवेने स्प्रिंगबोर्ड, म्हणजे उडीला उसळी देणारी फळी, निसरडा होतो.

आता वह्यांकडे येतो. दाराशी एक जाड वही असते. तिच्यात प्रत्येक मुलासमोर त्याला घरी नेऊ शकणाऱ्या जास्तीत जास्त तीन व्यक्तींची नावे आणि सह्या असतात. गेल्या श्रावणात मला कामावरून निघायला उशीर झाला आणि मी शिरपूरहून आलेल्या मेहुण्याला मुलीला आणायला पाठवले. त्याचे नाव वहीत नव्हते. मुलगी “मामा आला” म्हणून धावत गेली, पण दाराशी बसणाऱ्या ताईंनी तिला परत बाकड्यावर बसवले, मला फोन लावला, मी उचलेपर्यंत चार वेळा लावला, आणि माझ्याशी बोलणे झाल्यावरही मेहुण्याचे ओळखपत्र पाहून वहीत वेळेसह नोंद केली. मेहुणा त्या रात्री जेवताना फार रागावलेला होता; सख्ख्या मामाला चोर ठरवले, असे त्याचे म्हणणे. मी त्याला दुसरी पोळी वाढली आणि गप्प बसलो. मला मात्र त्या संध्याकाळी दोन वर्षांची फी वसूल झाल्यासारखे वाटले.

या खेळात प्रशिक्षकाला मुलाच्या अंगाला हात लावावाच लागतो. कोलांटी घेताना कंबरेला आणि मांडीच्या मागे आधार दिला नाही, तर मूल मानेवर पडेल. प्रवेशाच्या दिवशी सर पालकांसमोर कोणत्या क्रियेला हात कोठे असतो ते दाखवतात, आणि आधार देण्याआधी “धरतो” असे मोठ्याने म्हणतात. कोणताही प्रशिक्षक एकट्या मुलासोबत बंद खोलीत थांबत नाही. दर महिन्याला येणारे फिजिओथेरपिस्टही तपासणी शेडमध्येच, सर्वांदेखत करतात. हा अतिरेक वाटणाऱ्यांनी अमेरिकेतले लॅरी नासरचे प्रकरण आठवावे. तो राष्ट्रीय जिम्नॅस्टिक्स संघाचा डॉक्टर होता. उपचाराच्या नावाखाली तो वर्षानुवर्षे मुलींवर अत्याचार करत राहिला, कधी कधी पालक त्याच खोलीत असतानाही. २०१८ च्या जानेवारीत दीडशेहून अधिक मुली आणि महिलांनी न्यायालयात त्याच्याविरुद्ध निवेदने दिली, तेव्हा जगाला त्याची व्याप्ती कळली.

आपल्याकडे २०१२ च्या पॉक्सो, म्हणजे लैंगिक गुन्ह्यांपासून बालकांच्या संरक्षणाच्या, कायद्यानुसार मुलावर असा अत्याचार झाल्याची माहिती असणाऱ्या प्रत्येकावर ती पोलिसांना कळवण्याचे बंधन आहे, आणि हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. २०२० च्या नियमांत तर क्रीडा प्रबोधिनींचा स्पष्ट उल्लेख करून सर्व कर्मचाऱ्यांची ठरावीक काळाने पोलीस पडताळणी सांगितली आहे. मंडळाच्या फाइलमध्ये दोन प्रशिक्षक, दाराशी बसणाऱ्या ताई आणि झाडलोट करणारे काका अशा चौघांचीही प्रमाणपत्रे मी पाहिली. काकांचे प्रमाणपत्र पाहून मला विशेष बरे वाटले, कारण त्यांच्यासारख्यांना सगळेच विसरतात. बालसाहाय्याचा १०९८ हा क्रमांक मुलांच्या उंचीवर लिहिलेला आहे, पालकांच्या नव्हे.

दुसरी वही अपघातांची. मार्चमध्ये दोन गाद्यांच्या मधल्या फटीत माझ्या मुलीचा हात गेला आणि मनगट मुरगळले. सरांनी हात ओढला नाही, चोळलाही नाही. बर्फ लावला, बोटे हलवायला सांगितली आणि मला फोन केला. वहीत लिहिले होते: “डावे मनगट, खालची फळी, गाद्यांमध्ये तीन बोटे फट.” ती फट लिहिणे म्हणजे स्वतःची चूक स्वतः नोंदवणे होय, आणि इतक्या वर्षांच्या तपासणीत अशी नोंद मी क्वचितच पाहिली आहे. आठवड्याभरात गाद्यांना नवे वेल्क्रो पट्टे शिवून आले. वाढत्या वयात हाडांची टोके कच्ची असतात आणि या खेळात मनगटावर सगळे वजन येते, म्हणून दुखणे थांबूनही डॉक्टरांची चिठ्ठी आणेपर्यंत तिला हातावर उभे राहू दिले नाही. मानेवर किंवा डोक्यावर पडलेल्या मुलाला कोणीही उचलायचे नाही, जागीच स्थिर ठेवून १०८ ला फोन करायचा, याची तालीम मुलांसह दर तीन महिन्यांनी होते.

फी महिना ६०० रुपये असून त्यातले ५० रुपये थेट गाद्या-साहित्य दुरुस्तीच्या वेगळ्या खात्यात जातात. वार्षिक सभेत लेखापरीक्षण अहवाल प्रत्येक पालकाच्या हाती दिला जातो. मागील वर्षी संघाच्या प्रवासखर्चाला पैसे कमी पडले, तेव्हा दुरुस्ती खात्यातून उचल करण्याची सूचना आली आणि कोषाध्यक्षांनी ती साफ नाकारली. प्रवासासाठी वेगळी वर्गणी काढली. हातमजुरी करणाऱ्या घरांतील मुलांना अर्धी फी आहे, आणि ती कोणाला आहे हे कोषाध्यक्षांखेरीज कोणाला ठाऊक नसते.

आता तक्रार. मुलांच्या सुरक्षेविषयी काही सांगायचे असेल तर ज्यांच्याकडे जायचे, म्हणून फलकावर ज्या बाईंचे एकमेव नाव आहे, त्या मुख्य प्रशिक्षकांच्या पत्नी आहेत. बाई प्रामाणिक आहेत, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. परंतु सरांविरुद्धच काही सांगायचे असलेल्या दहा वर्षांच्या मुलीने सरांच्या घरी जाऊन ते सांगावे, अशी ही व्यवस्था आहे. मी लेखी अर्ज देऊन मंडळाबाहेरची एक डॉक्टर किंवा शिक्षिका नेमावी, असे सुचवले. “पुढच्या सभेत पाहू” असे उत्तर मिळाले, आणि त्यानंतर दोन सभा होऊन गेल्या. सरावाच्या पोशाखातली मुलींची छायाचित्रे पालकांच्या व्हॉट्सअॅप गटावर टाकण्याची पद्धत मात्र अर्ज मिळाल्याच्या दिवशीच बंद झाली. शेडमागच्या स्वच्छतागृहाकडे जाणाऱ्या बोळात दिवा बसवला आहे, पण तो साडेसातनंतरच लावतात. हिवाळ्यात अंधार सहालाच पडतो.

नवीन प्रवेश जूनमध्ये, शाळा उघडल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात होतात आणि एका तुकडीत बारापेक्षा जास्त मुले घेत नाहीत, त्यामुळे अर्ज आधीच भरून ठेवावा. येताना मुलाला नेणाऱ्या तिघांची ओळखपत्रे सोबत आणावीत. फलकावर दुसरे नाव लागेपर्यंत मी पाच तारे देणार नाही. सध्या चार देतो.