मोलिएरचा स्गानारेल की देवलांचा फाल्गुनराव?

'संशयकल्लोळ' करू या म्हटलं की हौशी मंडळात कुणीतरी हमखास विचारतं, "गाणारी माणसं आणायची कुठून? त्यापेक्षा मूळ फ्रेंच एकांकिकाच मराठीत बसवू." ठरवण्याआधी दोन्ही नाटकं शेजारी ठेवून बघा.

मोलिएरचं 'स्गानारेल' 1660 मध्ये पॅरिसला रंगमंचावर आलं. एकच अंक, सगळं पद्यात, आणि स्गानारेलचं काम खुद्द मोलिएरचं. त्यावरून आर्थर मर्फीने 1761 मध्ये लंडनसाठी पाच अंकी 'ऑल इन द राँग' रचलं. ते गोविंद बल्लाळ देवलांनी मराठीत आणलं, आधी गद्यात, 'फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा' या नावाने. पदं घालून त्याचं 'संगीत संशयकल्लोळ' झालं आणि 1916 मध्ये गंधर्व नाटक मंडळीने ते केलं. गणपतराव बोडस फाल्गुनराव, बालगंधर्व रेवती. देवल त्याच वर्षी गेले.

गाभ्याचा प्रसंग दोन्हीकडे एकच. मुलीला भर रस्त्यात भोवळ येते, तिच्या हातातली प्रियकराची तसबीर पडते. वाटेवरचा एक लग्न झालेला गृहस्थ, म्हणजे स्गानारेल किंवा फाल्गुनराव, तिला सावरतो, ते त्याची बायको बघते. मग तसबीर बायकोच्या हाती लागते, आणि परक्या देखण्या पुरुषाचं चित्र न्याहाळताना नवरा तिला पकडतो. दोघंही खोटं बोलत नाहीत, तरी दोघांचाही संशय पक्का होतो. हा प्रसंग आजही हमखास हशा घेतो.

फरक आहे तो नायिकेत, आणि माझं मत तिथेच ठरतं. मोलिएरची सेली सुखवस्तू घरातली. बापाला पैसेवाला जावई हवा, एवढीच तिची अडचण. देवलांची रेवती मघा नायकिणीची मुलगी. अश्विनशेठ तिच्याशी लग्न करायला निघालाय, आणि तोच तिच्या निष्ठेवर शंका घेतो. जिच्यावर अख्खं गाव आधीच बोट ठेवून आहे, तिला हा संशय किती खोल लागत असेल! म्हाताऱ्याशी लावल्या जाणाऱ्या कोवळ्या मुलीवर 'शारदा' लिहिणारा माणूस इथे दिसतो. मोलिएरच्या एकांकिकेत ही कळ नाही.

तेव्हा वेळ तासाभराचा आणि माणसं थोडी असतील तर मोलिएर करा. पण पद्याचा ठेका मराठीत उतरवणारा लेखक हवा, नाहीतर नुसती धावपळ उरते. दोन गळे मिळत असतील तर डोळे मिटून देवल. गाण्याचा मुख्य भार अश्विनशेठ-रेवतीवर, विनोदाचा फाल्गुनरावावर. एकाच नटाकडून दोन्ही मागावं लागत नाही. प्रशांत दामले आणि राहुल देशपांडे यांच्या प्रयोगातही वाटणी हीच होती. पदं कमी करावी लागली तर करा, पण 'मृगनयना' आणि 'हृदयी धरा हा बोध खरा' यांना हात लावू नका.

आणि तसबीर पहिल्या तालमीपासून हातात द्या, अश्विनशेठचं काम करणाऱ्याचीच. फाल्गुनरावाची बायको कृत्तिका ती कशी धरते, कुठल्या क्षणी मागे लपवते, यावर पुढचे सगळे घोटाळे उभे आहेत.