रूळ संपतात त्या स्थानकाविषयी

महालक्ष्मी एक्स्प्रेसने सकाळी कोल्हापूरला येणाऱ्या प्रवाशाला झोपेत स्टेशन हुकण्याची धास्ती नसते, कारण रूळ येथेच संपतात. ‘श्री छत्रपती शाहू महाराज टर्मिनस’ या नावातला शेवटचा शब्द नीट वाचला, तर या स्थानकाची सोय आणि अडचण दोन्ही समजतात.

मिरजेपासूनचा हा सुमारे 48 किलोमीटरचा फाटा कोल्हापूर संस्थानाच्या मालकीचा होता. 1888 मध्ये त्याचे काम सुरू झाले, तेव्हा शाहू महाराजांच्या हाती राज्याधिकार यायला अजून सहा वर्षे होती. 1891 मध्ये गाडी सुरू झाली आणि पुढे 1895 मध्ये महाराजांनी स्थानकालगत शाहूपुरीची पेठ वसवली; गुळाच्या व्यापाराला त्यामुळे जो आधार मिळाला, तो गावाच्या आजच्या नकाशातही दिसतो. मूळचा मीटरगेज मार्ग 1971 मध्ये ब्रॉडगेज झाला.

सोयींपैकी सर्वांत मोठी सोय जागेची आहे. मध्यवर्ती बसस्थानक चालत जाण्याच्या अंतरावर असल्याने पन्हाळ्याला किंवा गगनबावड्याला जाणाऱ्याला रिक्षाची गरजही पडत नाही. मला मात्र मागच्या खेपेला दोन पिशव्या पाहून एका रिक्षावाल्याने एवढ्याशा अंतराचे असे भाडे सांगितले, की त्या पैशांत पोटभर मिसळ झाली असती. मी पायीच गेलो आणि खरोखर मिसळ खाल्ली. प्रतीक्षालय, विश्रामकक्ष आणि आरक्षण खिडक्या आहेत, त्या चारचौघांसारख्या. जुनी दगडी इमारत मात्र थांबून पाहावी अशी आहे. अमृत भारत योजनेतून स्थानकाचे रूप पालटताना तिला धक्का लागू नये, एवढीच अपेक्षा.

अडचण आहे ती गाड्यांची. मुंबईसाठी महालक्ष्मी आणि कोयना, तिरुपतीसाठी हरिप्रिया, गोंदियापर्यंत राज्य पालथे घालणारी महाराष्ट्र एक्स्प्रेस आणि 2024 पासून पुण्याची वंदे भारत, ही यादी वाईट नाही. परंतु कोविडकाळात बंद पडलेली मुंबईची सह्याद्री एक्स्प्रेस पुन्हा सुरू झाली ती पुण्यापुरतीच. शिवाय तिरुपतीकडे जाताना मिरजेला गाडीची दिशा उलटते, इंजिन दुसऱ्या टोकाला लागते आणि तोवर चहा घेण्यावाचून गत्यंतर नसते. मोठ्या पुरात रुकडीजवळ पंचगंगेचे पाणी पुलाशी भिडले, की एवढा एकच मार्गही बंद होतो. पश्चिमेकडे वैभववाडीमार्गे कोकणात उतरणाऱ्या लोहमार्गाची चर्चा आमच्या वडिलांच्या पिढीपासून चालू आहे.

स्थानक अनुभवायचे असेल, तर संध्याकाळी मुंबईची गाडी सुटण्याआधी अर्धा तास यावे. फलाटावर गोणपाटात शिवलेला गुळाचा रवा, कांदा-लसूण चटणीचा डबा आणि त्या डब्याचे झाकण घट्ट आहे ना, हे तिसऱ्यांदा तपासणारी एखादी आई हमखास दिसते.