स्क्रीनवर लिहिलेला प्रोसेसर आणि आत बसवलेला प्रोसेसर

घरी संगीत ध्वनिमुद्रित करण्यासाठी मी जो डेस्कटॉप संगणक जोडून घेतला, त्यात माझी फसवणूक झाली हे लक्षात यायला मला जवळजवळ अडीच महिने लागले. संगणकातले मला काहीच कळत नव्हते असे नाही. थोडेफार कळत होते आणि तीच अडचण ठरली. पूर्ण अनभिज्ञ माणसाने आवाज फुटू लागताच संगणक उचलून परत नेला असता. मी मात्र बफर (आवाजाचे तुकडे वाजण्याआधी साठवण्याची जागा), ड्रायव्हर (एकेक उपकरण चालवणारे सॉफ्टवेअर) आणि पॉवर प्लॅन (विंडोजची वीजवापराची मांडणी) यांच्या दुरुस्त्या करत बसलो, आणि जोडून देणाऱ्याला नेमके तेच हवे होते.

माझी गरज साधी होती. जुन्या लॅपटॉपवर बारा-पंधरा ट्रॅक झाले, त्यातल्या दोन-तीन ट्रॅकवर पियानो किंवा तंतुवाद्यांच्या मोठ्या सॅम्पल लायब्ररी (खऱ्या वाद्यांच्या ध्वनिमुद्रित स्वरांचे संग्रह) आल्या, की यंत्र मान टाकत असे. नवा संगणक घेताना मी बराच अभ्यास केला होता. एकाच ट्रॅकवर एकामागोमाग लावलेल्या प्लगइनपैकी (आवाज घडवणाऱ्या जोड-सॉफ्टवेअरपैकी) पुढच्याला मागच्याचे काम संपेपर्यंत थांबावे लागते, त्यामुळे ती साखळी सहसा एकाच कोरवर (प्रोसेसरच्या स्वतंत्रपणे काम करणाऱ्या एका भागावर) चालते आणि म्हणूनच कोर किती आहेत याइतकेच एकेक कोर किती वेगवान आहे यालाही महत्त्व असते, हे मला ठाऊक होते. त्या हिशेबाने मी इंटेलचा २०२२ सालचा कोअर आय७-१२७०० हा प्रोसेसर ठरवला. त्याचे ८ कोर जलद कामासाठी आणि ४ कोर हलक्या कामासाठी असतात. जलद कोर एका वेळी दोन कामे घेत असल्यामुळे विंडोजला ते मिळून २० लॉजिकल प्रोसेसर दिसतात. सोबत ३२ जीबी रॅम आणि १ टीबीचा एसएसडी. ग्राफिक्स कार्ड मी मुद्दाम नाकारले होते, कारण चित्र दाखवण्याची सोय या प्रोसेसरमध्येच असते आणि माइक ज्या खोलीत असतो त्याच खोलीत आणखी एक पंखा कोणाला हवा असतो?

स्टुडिओसाठीच संगणक जोडून देतो असे सांगणारे एक गृहस्थ मला ओळखीतून मिळाले. त्यांचे बोलणे ऐकून मी निर्धास्त झालो, हे मान्य करतो. संगीताच्या संगणकाला नुसता वेग पुरत नाही, एखाद्या ड्रायव्हरने प्रोसेसरला काही मिलिसेकंद अडवून धरले तरी आवाजात खरखर येते, हे त्यांनी मला न विचारता समजावून सांगितले, आणि ते अगदी बरोबर होते. जो माणूस एवढे बारकावे जाणतो तो सुटे भाग तरी खोटे कशाला घालील, असा विचार मी केला. आता वाटते, तेवढे जाणत असल्यामुळेच त्यांना हा खेळ इतका सफाईने खेळता आला.

संगणक तयार झाल्यावर त्यांनी मला त्याच्यासमोर बसवले. विंडोजच्या ‘अबाउट’ खिडकीत प्रोसेसर म्हणून आय७-१२७०० आणि रॅम म्हणून ३२ जीबी असे स्पष्ट लिहिलेले होते. मग त्यांनी चाळीस ट्रॅकचा एक प्रकल्प उघडून वाजवला. तो कुठेही अडखळला नाही. त्या वेळी बफर १०२४ सॅम्पलवर ठेवलेला होता आणि चाळीसही ट्रॅक आधीच ध्वनिमुद्रित केलेल्या ऑडिओचे होते, याकडे माझे लक्ष गेले नाही. ४४,१०० हर्ट्झवर १०२४ सॅम्पलचा बफर म्हणजे आवाजाचा प्रत्येक तुकडा तयार करायला प्रोसेसरला सुमारे २३ मिलिसेकंद मिळतात, आणि नुसता ऑडिओ वाजवायचा असेल तर साधा संगणकही तेवढ्यात ते काम आरामात उरकतो. कीबोर्डवर बोट ठेवताच पियानो ऐकू यायला हवा असेल, तर बफर १२८ वर आणावा लागतो आणि तोच वेळ ३ मिलिसेकंदांहूनही कमी होतो. यंत्राचा कस तिथे लागतो, आणि ती चाचणी झालीच नाही.

निघताना त्यांनी सांगितले, की मी मागितले नसतानाही त्यांनी एक ग्राफिक्स कार्ड आपल्याकडून भेट म्हणून बसवले आहे. पंख्याच्या आवाजाबद्दल मी थोडी कुरकुर केली, पण फुकट मिळालेली वस्तू परत करणे जिवावर आले. कॅबिनेटच्या मागच्या दोन स्क्रूंवर चांदीच्या रंगाचे स्टिकर होते आणि ते फाटल्यास वॉरंटी रद्द होईल असे त्यांवर छापलेले होते. पंधरा दिवसांत काही निघाले तर संच बदलून देण्याची बोली होती.

चौथ्या दिवशी पहिल्यांदा आवाज फुटला. बफर १२८ वर होता, सात-आठ ट्रॅक होते आणि मी स्वर धरून ठेवला असताना मधूनमधून कडकड ऐकू येत होती. मी फोन केला. बफर २५६ करून पाहा, असे त्यांनी सांगितले. आवाज सुधारला, पण बोट आणि स्वर यांच्यातले अंतर जाणवू लागले. दुसऱ्यांदा त्यांनी वायफाय बंद करायला सांगितले आणि कोणता ड्रायव्हर प्रोसेसरला अडवतो ते दाखवणारे लॅटन्सीमॉन हे सॉफ्टवेअर उतरवून घ्यायला लावले. त्यात वायफायचा ड्रायव्हर खरोखरच लाल पट्टी दाखवत होता. मग ऑडिओ इंटरफेस (माइकचा आवाज संगणकात नेणारे उपकरण) पुढच्या यूएसबी पोर्टमधून काढून मागे, थेट मदरबोर्डवरच्या पोर्टला लावणे झाले. पॉवर प्लॅन बदलणे झाले. बायोसमध्ये (विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या, मदरबोर्डवरच्या सॉफ्टवेअरमध्ये) प्रोसेसरला डुलकी घेऊ देणाऱ्या सी-स्टेट बंद करणेही झाले. तेव्हा त्यांनी फोनवरून एकेक कळ सांगून मला थेट त्या पानावर नेले, म्हणजे बायोसचे पहिले पान मी नीट वाचलेच नाही.

यातला एकही सल्ला खोटा नव्हता, आणि हे मी मुद्दाम लिहीत आहे. संगीतासाठी संगणक वापरणारा कोणीही जाणकार हेच उपाय सांगेल. प्रत्येक उपायाने थोडा फरक पडायचा, दोन दिवस बरे जायचे आणि पुन्हा कडकड सुरू व्हायची. आवाज फुटण्याची प्रामाणिक कारणे इतकी आहेत, की अप्रामाणिक कारण त्यांच्या मागे कितीही दिवस लपून राहू शकते. पॉवर प्लॅनपर्यंत पोहोचेतो पंधरा दिवसांची मुदत उलटून गेली होती. त्यानंतरचा सल्ला होता ट्रॅक ‘फ्रीझ’ करून, म्हणजे प्लगइनसह तयार झालेला आवाज साध्या ऑडिओत बदलून, काम करण्याचा, म्हणजे ज्या कामातून सुटण्यासाठी मी नवा संगणक घेतला होता तेच काम नव्या संगणकावर करण्याचा.

उलगडा भलत्याच ठिकाणी झाला. एक नवा प्लगइन बसवायला घेतला असता त्याने नकार दिला: या प्रोसेसरमध्ये एव्हीएक्स२ची सोय नाही. मी संदेश दोनदा वाचला. एव्हीएक्स२ हा सूचनासंच इंटेलच्या प्रोसेसरमध्ये २०१३ मध्ये आला; २०२२ च्या आय७ मध्ये तो नसणे शक्यच नव्हते. मी टास्क मॅनेजर उघडून प्रोसेसरच्या आलेखाखालचे आकडे पाहिले. कोर ४, लॉजिकल प्रोसेसर ८. त्या जागी १२ आणि २० असायला हवे होते. शेजारी मेमरीच्या पानावर वेग १३३३ आणि वापरलेले स्लॉट ‘४ पैकी ४’ असे दिसत होते. हे आकडे अडीच महिने दोन क्लिकच्या अंतरावर होते; मी त्या पानावर अनेकदा गेलो होतो, पण दर वेळी आलेखाची उंची पाहून परतलो होतो.

त्यानंतर सीपीयू-झेड हे छोटे सॉफ्टवेअर चालवले. ते विंडोजने लिहून ठेवलेल्या नावावर अवलंबून राहत नाही, प्रोसेसरलाच विचारते. उत्तर आले: कोअर आय७-३७७०, सॉकेट ११५५, मेमरी डीडीआर३. हा प्रोसेसर २०१२ सालचा आहे. संगणक पुन्हा सुरू करून बायोसचे पहिले पान वाचले, तिथेही ३७७०. विंडोज सुरू झाल्यावर ‘अबाउट’ खिडकीत मात्र पुन्हा १२७००.

हे कसे घडते ते सांगतो, कारण ही युक्ती समजली नाही तर त्या खिडकीवरचा विश्वास सुटत नाही. ती खिडकी प्रोसेसरचे नाव रजिस्ट्रीतल्या (विंडोजच्या अंतर्गत नोंदींच्या साठ्यातल्या) एका नोंदीतून वाचते. ती नोंद विंडोज दर वेळी सुरू होताना नव्याने तयार करते, त्यामुळे ती एकदा बदलून भागत नाही. प्रत्येक वेळी संगणक सुरू झाल्यावर कोणीतरी ती पुन्हा बदलावी लागते. माझ्या संगणकात हे काम टास्क शेड्युलरमधले (कामे आपोआप सुरू करणाऱ्या विंडोजच्या सोयीतले) एक टास्क करत होते आणि त्याला ‘ऑडिओ ऑप्टिमायझर’ असे नाव दिलेले होते. ते मी आधीही पाहिले होते आणि काहीतरी उपयोगाचे असेल म्हणून जपून ठेवले होते! ते बंद करून संगणक पुन्हा सुरू केला, तेव्हा त्या खिडकीने पहिल्यांदा खरे नाव दाखवले.

मग स्टिकर फाडून कॅबिनेट उघडले. रॅमच्या ८ जीबीच्या चार जुन्या पट्ट्या होत्या. एकूण ३२ जीबी भरत होत्या, एवढे खरे. एसएसडी नवा म्हणून दिलेला होता, पण ड्राइव्हची माहिती दाखवणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये तो २१,००० तासांहून अधिक चाललेला दिसला, म्हणजे अखंड धरले तरी जवळजवळ अडीच वर्षे. एसएमपीएसवर (संगणकाला वीज पुरवणाऱ्या डब्यावर) मोठ्या अक्षरांत ५०० वॅट छापलेले होते आणि खालच्या तक्त्यात १२ व्होल्टसमोर १६ अँपिअर. दोहोंचा गुणाकार १९२ वॅट होतो, आणि आजच्या संगणकात प्रोसेसर व ग्राफिक्स कार्ड मुख्यतः याच वाहिनीवर चालतात. ग्राफिक्स कार्ड विंडोजमध्ये जीटीएक्स १०५० टीआय असे नाव सांगत होते, पण ग्राफिक्स कार्ड तपासणाऱ्या जीपीयू-झेडने त्याच्या नावाआधी ‘फेक’ हा शब्द लावला. जुन्या चिपवर खोटे बायोस चढवून अशी कार्डे विकली जातात. या भेटीचे खरे प्रयोजनही तेव्हा कळले. कार्ड नसते तर चित्र प्रोसेसरमधूनच आले असते आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये ३७७० चे एचडी ग्राफिक्स ४००० हे नाव मला पहिल्याच दिवशी दिसले असते. कार्ड लावल्यावर ते नाव यादीतून गेले.

मी सगळ्याची छायाचित्रे घेऊन त्यांच्याकडे गेलो. ते शांतपणे म्हणाले, “बिल काढा.” बिलावर लिहिले होते: ‘म्युझिक प्रॉडक्शन संगणक, आय७, ३२ जीबी, १ टीबी, १ नग’. यातला कोणताही शब्द चुकीचा नव्हता. आय७ हे नाव इंटेलने २००८ पासून अनेक वर्षे वापरले. ३७७० हाही आय७ च. पूर्ण क्रमांक आमच्यात फक्त तोंडी ठरला होता. टास्क शेड्युलरमधले ते टास्क मीच कुठून तरी उतरवले असेल, असे त्यांचे म्हणणे पडले आणि फाटलेल्या स्टिकरकडे त्यांनी बोट दाखवले. ‘अबाउट’ खिडकीचे छायाचित्र मी पहिल्या दिवशी काढले असते, तर निदान त्या टास्कच्या बाबतीत तरी त्यांना उत्तर देणे जड गेले असते. पैसे परत मिळाले नाहीत.

नंतरचा संगणक मी भाग एकेक करून बंद खोक्यांत घेतला आणि माझ्यासमोर जोडून घेतला. बिलात प्रत्येक भागाचे पूर्ण नाव आणि अनुक्रमांक लिहून घेतले, आणि ज्या उत्पादकांच्या संकेतस्थळावर तशी सोय होती तिथे अनुक्रमांक टाकून वॉरंटी केव्हा संपते तेही पाहिले. विंडोज जोडणाऱ्याकडून घालून घेतले नाही. मायक्रोसॉफ्टच्या साधनाने स्वतः तयार केलेल्या पेन ड्राइव्हवरून कोरे बसवले, कारण कोऱ्या विंडोजमध्ये कोणाचे ‘ऑप्टिमायझर’ नसते. त्याआधी बायोसचे पहिले पान सावकाश वाचले. एसएसडीवर एच२टेस्टडब्ल्यू चालवून तो पूर्ण भरला आणि परत वाचून घेतला. सांगितलेल्या क्षमतेपेक्षा लहान ड्राइव्ह त्यात उघडा पडतो. शेवटी माझाच एक प्रकल्प उघडला, ज्यात जिवंत वाजणारी सॅम्पल वाद्ये आणि प्लगइनच्या लांब साखळ्या होत्या, बफर १२८ वर ठेवला आणि कीबोर्ड वाजवत राहिलो. उरलेली रक्कम त्यानंतर दिली. या सगळ्यात अर्धा दिवस गेला, त्यातला मोठा भाग ड्राइव्ह भरण्यात. जोडणारा मुलगा कंटाळला खरा, पण त्याने एकदाही घाई केली नाही.

पहिला संगणक अजून माझ्याकडे आहे. ते ग्राफिक्स कार्ड काढून टाकल्यावर आणि तो एसएमपीएस बदलल्यावर संगणक बराच शांत झाला. नवे काही ध्वनिमुद्रित करायला तो उपयोगाचा नाही, पण तयार झालेल्या मिश्रणाचे ट्रॅक ऐकायला मी तो वापरतो, आणि १०२४ च्या बफरवर चाळीस ट्रॅक तो आजही कुठेही न अडखळता वाजवतो.