हिरव्या चौकटीचा अर्थ : पीक सुधारणेसाठी ‘गॅलक्सी’ वापरताना

‘गॅलक्सी’ हे नाव शोधायला गेले की आधी भ्रमणध्वनीचे संच समोर येतात. २००५ पासून चालत आलेली आणि अमेरिकेतील पेन स्टेट विद्यापीठात सुरू झालेली ही प्रणाली मात्र जनुकीय डेटाच्या विश्लेषणासाठी आहे. ती मुक्त-स्रोत आहे, ब्राउझरमधून चालते आणि अमेरिका, युरोप व ऑस्ट्रेलियातील तिच्या सार्वजनिक सर्व्हरवर कोणालाही विनामूल्य खाते उघडता येते. एरवी लिनक्सच्या काळ्या पडद्यावर आज्ञा टंकून चालवावी लागणारी साधने येथे अर्जासारख्या पानावर मिळतात. रीड्सचा, म्हणजे यंत्राने वाचलेल्या डीएनएच्या छोट्या तुकड्यांचा, दर्जा तपासणारे फास्टक्यूसी, रीड्स संदर्भ जीनोमवर (त्या पिकाच्या आधीच वाचून ठेवलेल्या संपूर्ण डीएनएवर) बसवणारे बीडब्ल्यूए-मेम, बदल हुडकणारे फ्रीबेज आणि त्या बदलांचा जनुकांवर काय परिणाम होईल हे सांगणारे एसएनपीइफ ही त्यांपैकी काही. डावीकडे साधनांची यादी, मध्ये अर्ज आणि उजवीकडे ‘हिस्ट्री’ नावाचा रकाना, अशी पानाची मांडणी आहे. हे परीक्षण मी पैदासकाराच्या नजरेने लिहीत आहे. संगणकशास्त्रज्ञाला यातील काही गोष्टी बाळबोध वाटतील.

कोणतेही विश्लेषण-साधन पारखण्याची माझी पद्धत जुनीच आहे : ज्याचे उत्तर आधीच माहीत आहे असा प्रश्न त्याला विचारायचा. त्यासाठी मी भातातील पूरसहनशीलता निवडली. एफआर१३ए या वाणाकडून आलेली ही सहनशीलता मुख्यतः नवव्या गुणसूत्रावरील सब१ या स्थानामुळे येते आणि त्यामागील सब१ए हे जनुक २००६ मध्ये उघड झाले, हे सर्वश्रुत आहे. सहनशील आणि असहनशील वाणांच्या संकराच्या दुसऱ्या पिढीतून पाण्याखाली उत्तम तगलेली वीस आणि पूर्ण कोलमडलेली वीस रोपे निवडून प्रत्येक गटाचा डीएनए एकत्र केला व दोन्ही गटांचे अनुक्रमण, म्हणजे डीएनएच्या अक्षरांचे क्रमवार वाचन, करून घेतले. ही क्यूटीएल-सेक पद्धत जपानमधील संशोधकांनी २०१३ मध्ये भातावरच मांडली. तिचे तत्त्व अतिशय साधे आहे. एखाद्या ठिकाणी एका गटातील किती टक्के रीड्समध्ये बदललेले अक्षर आहे ते मोजायचे, दुसऱ्या गटातील प्रमाण त्यातून वजा करायचे आणि हा फरक गुणसूत्रावर जेथे सलगपणे उंचावलेला दिसेल तेथे गुणधर्माचे मूळ शोधायचे.

भाताचा जीनोम सुमारे ३७ कोटी अक्षरांचा, म्हणजे तृणधान्यांत आटोपशीर आहे. दोन्ही गटांच्या फाईली चढवणे, दर्जा तपासणे, निकृष्ट टोके छाटणे आणि रीड्स निप्पोनबारे या वाणाच्या संदर्भ जीनोमवर बसवणे, येथपर्यंतचा प्रवास एकही आज्ञा न टंकता झाला. सार्वजनिक भांडारातील डेटा हवा असल्यास नोंदणी क्रमांक दिला तरी पुरते. फाईल आधी आपल्या संगणकावर उतरवण्याचा द्राविडी प्राणायाम करावा लागत नाही. दोन गटांतील फरक काढून आलेख रेखाटण्याची अखेरची पायरी मी आर या संख्याशास्त्रीय संगणकभाषेत केली.

गॅलक्सीची स्तुती बहुधा ‘सोपी’ या एका शब्दावर थांबते. मला तो तिचा दुय्यम गुण वाटतो. तिचे खरे मोल उजवीकडच्या हिस्ट्रीत आहे. प्रत्येक फाईल कोणत्या साधनाच्या कोणत्या आवृत्तीने, कोणत्या निवेश-फाईलींपासून आणि कोणती मूल्ये भरून तयार झाली, याची नोंद तेथे आपोआप राहते. प्रक्षेत्रावर आपण प्रत्येक ओळीची लागण, फुलोरा आणि उंची नोंदवहीत लिहितो. तोच पैदासकार संगणकासमोर बसला की फाईलींना ‘अंतिम’, ‘अंतिम२’, ‘खरेच अंतिम’ अशी नावे देत सुटतो आणि सहा महिन्यांनी त्यातली कोणती कशी झाली हे त्यालाच आठवत नाही. येथे जुन्या फाईलीवरील बटण दाबले की तीच मूल्ये भरलेला अर्ज पुन्हा उघडतो. संपूर्ण हिस्ट्रीतून कार्यप्रवाह, म्हणजे पायऱ्यांची क्रमवार साखळी, वेगळा काढता येतो, तो दुसऱ्या नमुन्यांवर जसाच्या तसा चालवता येतो आणि सहकाऱ्याला दुव्याने देता येतो. दुसऱ्या संकराचे गट मी याच कार्यप्रवाहातून नेले, तेव्हा माझे काम फाईली निवडण्यापुरतेच उरले होते.

आता रंगांविषयी. हिस्ट्रीतील प्रत्येक फाईलीची एक चौकट असते. काम रांगेत असताना ती करडी असते, चालू असताना पिवळसर होते, बिघडल्यास लाल आणि पूर्ण झाल्यावर हिरवी. नवख्या वापरकर्त्याला हिरवी चौकट म्हणजे उत्तीर्ण झाल्याचा शिक्का वाटते आणि माझीही तीच समजूत झाली होती. नवव्या गुणसूत्रावरील बदलांपैकी जनुकांच्या हद्दीत येणारे वेगळे काढण्यासाठी मी जनुकांच्या स्थानांची फाईल जोडली. चौकट हिरवी झाली आणि आत एकही ओळ नव्हती. चूक पूर्णपणे माझी होती. भाताच्या पहिल्या गुणसूत्राला एक स्रोत ‘सीएचआर०१’ म्हणतो, दुसरा ‘सीएचआर१’ आणि तिसरा नुसते ‘१’. माझा संदर्भ जीनोम एका स्रोताचा आणि जनुकांची यादी दुसऱ्याची असल्यामुळे साधनाच्या दृष्टीने दोहोंत एकही सामाईक गुणसूत्र नव्हते. रिकामे उत्तर निदान डोळ्यांत तरी भरते. त्याहून लबाड चूक क्रमांकाची आहे : बदलांच्या व्हीसीएफ फाईलीत पहिल्या अक्षराचा क्रमांक १ असतो, तर बेड प्रकारच्या फाईलीत तो ० असतो. हा फरक विसरून प्रायमर (ठरावीक जागी चिकटणारे डीएनएचे आखूड तुकडे) आखले तर सगळ्या चौकटी हिरव्या दिसत असतानाही आपण एका अक्षराने चुकलेले असतो. काम बंद न पडता पार पडले, एवढेच हिरवा रंग सांगतो.

याच परीक्षेचा पुढचा भाग मला सर्वांत उद्बोधक वाटला. आलेखात नवव्या गुणसूत्रावर अपेक्षित ठिकाणी ठळक शिखर आले आणि प्रणाली माझ्या प्रश्नात उत्तीर्ण झाली, असे मी म्हणणार होतो. त्यानंतर शिखराखालील जनुकांची, परिणामांसह तयार झालेली यादी उघडली. तीत सब१बी होते, सब१सी होते आणि सब१ए नव्हते. ज्या जनुकामुळे शिखर उभे राहिले तेच यादीतून गायब होते. कारण सरळ आहे : निप्पोनबारे हा भाताच्या जपोनिका या उपप्रकारातील वाण असून त्याच्या जीनोममध्ये सब१ए हे जनुक मुळातच नाही. संदर्भात जे नाही त्याचा पत्ता संदर्भावर बसवलेले रीड्स देऊ शकत नाहीत. आजूबाजूच्या बदलांनी स्थान अचूक दाखवले. मात्र त्या जनुकाचे रीड्स एकतर न जुळता बाजूला पडले असणार किंवा सारख्या दिसणाऱ्या शेजारी जनुकांवर जाऊन बसले असणार. हे एकच उदाहरण असते तर अपवाद म्हणून सोडून देता आले असते. परंतु स्फुरद कमी असलेल्या जमिनीत मुळांची वाढ टिकवणारे पीएसटीओएल१ हे जनुक २०१२ मध्ये कासलथ या वाणातून पुढे आले, आणि तेही निप्पोनबारेत नाही. ज्या गुणांच्या शोधात आपण जुन्या, रानवट किंवा दुर्लक्षित वाणांकडे वळतो ते गुण प्रमाणित संदर्भात नसण्याची शक्यता अधिक असते, हे पैदासकाराने कायम ध्यानात ठेवायला हवे.

हा दोष गॅलक्सीचा नाही. काळ्या पडद्यावर आज्ञा टंकून काम केले असते तरी हेच घडले असते. तरीही परीक्षणात त्याला जागा द्यावी लागते, कारण संदर्भ जीनोम येथे एका यादीतून निवडला जातो आणि यादीतून केलेली निवड नेहमीच निरुपद्रवी वाटते. मी तेच विश्लेषण नंतर इंडिका या भाताच्या दुसऱ्या उपप्रकारातील एका वाणाचा संदर्भ स्वतः चढवून पुन्हा चालवले. सब१ए अनेक इंडिका वाणांत आढळते, मात्र सहनशीलता देणारे त्याचे रूप वेगळे असते. त्यामुळे जनुक यादीत दिसणे आणि योग्य रूप हाती लागणे या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. पहिल्या संदर्भावर न जुळलेले रीड्स वेगळे काढून ठेवण्याची पायरी आता माझ्या कार्यप्रवाहात कायमची आहे.

अर्जात आधीच भरलेल्या मूल्यांबाबतही सावध राहावे. बदल हुडकणारी साधने वेगळे काही न सांगितल्यास नमुना द्विगुणित, म्हणजे प्रत्येक गुणसूत्राच्या दोन प्रती असलेला, धरून चालतात. वीस रोपांचा एकत्रित डीएनए हा असा नमुना नव्हे. त्यात एखादे रूप फार थोड्या प्रमाणात असू शकते आणि द्विगुणित गृहीतकाखाली ते गोंगाट म्हणून वगळले जाण्याचा धोका असतो. बटाट्याच्या चार प्रतींसाठी तर हे मूल्य बदलणे अपरिहार्य आहे. ही मूल्ये अनेकदा ‘प्रगत पर्याय’ या घडीखाली दडलेली असतात आणि ती घडी उघडल्याशिवाय काम पुढे पाठवू नये.

शिकण्याची सोय उत्कृष्ट आहे. प्रशिक्षणाचे धडे विनामूल्य असून प्रत्येकासोबत सरावाचा डेटा मिळतो. वनस्पतींचा वाटा मात्र त्यात तोकडा आहे : अरॅबिडॉप्सिस या प्रयोगशाळेतील नमुना वनस्पतीवरील धडा आहे, पण माणूस, उंदीर आणि जीवाणू यांच्या उदाहरणांतून आपल्यापुरते वेचून घेण्याची तयारी ठेवावी लागते.

क्षमतेची मर्यादा पिकागणिक बदलते. सर्व्हर सामाईक असल्याने रांग असतेच आणि प्रत्येक खात्याला ठरावीक साठा मिळतो. प्रत्येक पायरीवर नवी फाईल तयार होत असल्यामुळे तो अपेक्षेपेक्षा लवकर भरतो; शिवाय नुसती पुसलेली फाईल कायमची काढून टाकेपर्यंत हिशेबात धरली जाते. भात किंवा हरभरा यांच्या मोजक्या नमुन्यांना ही जागा पुरते. गव्हाची गोष्ट वेगळी आहे. त्याचा जीनोम भाताच्या चाळीसपटींहून मोठा आहेच, पण अडचण नुसत्या आकाराची नाही. बसवलेले रीड्स ज्यात साठवतात त्या बॅम फाईलीची नेहमीची बीएआय अनुक्रमणिका (स्थान चटकन शोधण्यासाठीची सूची) सुमारे ५३.७ कोटी अक्षरांपुढील स्थान नोंदवू शकत नाही आणि गव्हाचे ३बी हे गुणसूत्र एकटेच त्याहून खूप लांब आहे. त्यामुळे सीएसआय प्रकारची अनुक्रमणिका वापरावी लागते किंवा गुणसूत्रांचे दोन-दोन तुकडे केलेला संदर्भ घ्यावा लागतो. साखळीतील एखादे साधन सीएसआय स्वीकारत नसेल तर दुसरा मार्गच उरतो, आणि मग मिळालेली स्थाने पुन्हा मूळ क्रमांकांत बदलून घ्यावी लागतात. गव्हावर काम करणाऱ्या माझ्या सहकाऱ्याला मी सार्वजनिक सर्व्हरऐवजी संस्थेच्या संगणकावर गॅलक्सी बसवून घेण्याचे सुचवले. त्यासाठी जाणकार व्यवस्थापक लागतो, परंतु तीच साधने तेथे बसवली की भातासाठी रचलेला कार्यप्रवाह नव्याने बांधावा लागत नाही. संदर्भ, अनुक्रमणिकेचा प्रकार आणि मूल्ये तेवढी बदलावी लागतात.