उलटा कटर की पोर्टेबल टेबल सॉ? छोट्या गाळ्यासाठी

मुंबईत 10 बाय 12 फुटांचा गाळा मिळणं हीच चैन. त्यात टेबल सॉ, म्हणजे टेबलातून वर आलेल्या गोल ब्लेडची करवत, बसवायची म्हटलं की दोनच पर्याय उरतात. सात इंची हातकटर प्लायच्या टेबलाखाली उलटा बसवायचा, नाहीतर नागदेवी स्ट्रीटच्या हार्डवेअर बाजारातून दहा इंची पोर्टेबल टेबल सॉ आणायची. सरळ काप दोन्हींवर येतो. फरक कळतो तो एकच माप दहा वेळा कापायला घेतलं की.

आधी जागेचं. 8 बाय 4 फुटांची प्लायची अख्खी शीट यातल्या कशावरही चालवायचा नाद करू नये. शीटच्या लांबीइतकीच मोकळी जागा ब्लेडच्या पुढे आणि मागे लागते, म्हणजे जवळपास 16 फूट. शीट जमिनीवर थर्माकोल अंथरून हातकटरनेच फोडायची, चारी बाजूंनी अर्धा इंच जास्त ठेवून, आणि नेमकं माप टेबलावर काढायचं. आता हातकटर टेबलाखाली कायमचा अडकवला, तर शीट फोडायला दुसरा घ्यावा लागतो. उलटा कटर स्वस्त पडतो हा हिशेब करताना ही गोष्ट बहुतेक जण विसरतात.

उलटा कटर नीट बसवता येतो, नाही असं नाही. 18 मिमीच्या टेबलाखाली सरळ ठोकला तर कटरच्या 65 मिमी कापाच्या खोलीतली 18 मिमी फुकट जाते. म्हणून तेवढ्या जागेत खाच पाडून 6 मिमीची अ‍ॅल्युमिनियम प्लेट बसवावी आणि कटर तिला लावावा. कटरच्या बेसमध्ये 6 मिमीचे बोल्ट असतील तर प्लेटला भोकं 8 मिमीची ठेवावीत, खाली मोठे वॉशर. मग बोल्ट अर्धवट आवळून, रबरी हातोडीने हलक्या टिचक्या मारत ब्लेड टेबलातल्या माईटरच्या खाचेला, म्हणजे आडव्या कापाचा सरकता गेज जिच्यातून चालतो तिला, समांतर आणता येतं. काउंटरसंक स्क्रू इथे वापरू नये. त्याचं डोकं निमुळतं असल्यामुळे आवळताना तो बेसला पुन्हा जुन्याच जागी ओढतो, आणि तासभर केलेली जुळवाजुळव वाया जाते.

इथवर ठीक. अडचण फेन्सची, म्हणजे लाकूड जिला टेकवून ब्लेडकडे सरकवतात त्या पट्टीची. घरच्या टेबलावर फेन्स म्हणजे सरळ रंधलेली पट्टी आणि दोन टोकांना दोन सी क्लॅम्प. पुढे 300 मिमी मोजलं, क्लॅम्प आवळला. मागे 300 मोजलं, आवळताना पट्टी अर्धा मिमी सरकली. मागचा सैल केला की पुढचं हलतं. एका कापासाठी हे चालून जातं. पण ड्रॉवरच्या कामात 300 चे आठ तुकडे, मग 120 चे आठ, आणि एक तुकडा चुकला म्हणून परत 300, असं सुरू झालं की प्रत्येक वेळी दोन्ही टोकांची मोजणी पुन्हा पहिल्यापासून. ड्रॉवर ज्यावर सरकतो त्या टेलिस्कोपिक चॅनलला एका बाजूला अर्धा इंच, म्हणजे 12.7 मिमी जागा लागते. ड्रॉवर मागे एक मिमी रुंद झाला तरी चॅनल ओढताना अडकतो. माझा कौल या एका कटकटीने ठरवला.

पोर्टेबलमध्ये रॅक-पिनियनची फेन्स पाहावी. एक नॉब फिरवला की फेन्सची दोन्ही टोकं एकत्र सरकतात. 300 वर परत आलं तरी काप पहिल्या तुकड्याशी जुळतो, निदान माझ्या हाताला तरी फरक जाणवत नाही. मात्र खोक्यातून काढल्या काढल्या तिच्यावर विश्वास ठेवू नये. प्लग काढून आधी ब्लेड माईटरच्या खाचेला समांतर आणायचं. एका दाताला मार्करने खूण करायची, कॉम्बिनेशन स्क्वेअरने (सरकत्या पट्टीच्या गुण्याने) खाचेपासून त्याचं अंतर पुढे मोजायचं, तोच दात फिरवून मागे नेऊन पुन्हा मोजायचं. तोच दात यासाठी, की ब्लेडमधला किंचित वाक मोजणीत येऊ नये. फरक 0.1 मिमीच्या आत बसवायचा. मग फेन्स त्याच खाचेला समांतर. मागचं टोक ब्लेडपासून केसभर लांब असेल तर चालेल, जवळ कधीच नको. जवळ असेल तर मागचे दात लाकूड चिमटतात, कड जळून काळी पडते आणि तुकडा उसळून अंगावर येतो.

90 अंश तपासताना गुण्या ब्लेडच्या सपाट अंगाला लावायचा, दाताला टेकू द्यायचा नाही. माईटर गेजसाठी पाच कापांची रीत सगळ्यात खात्रीची. एका फळीच्या चारी बाजू ओळीने कापायच्या, प्रत्येक वेळी नुकतीच कापलेली कड गेजला टेकवून. पाचव्या कापात पहिल्याच बाजूची इंचभर पट्टी काढायची आणि तिची दोन टोकं व्हर्नियर कॅलिपरने मोजायची. फरकाला चारने भागलं की त्या लांबीवर एका कापातली चूक मिळते.

रिव्हिंग नाइफचा, म्हणजे कापलेलं लाकूड ब्लेडवर मिटू न देणाऱ्या मागच्या पातळ पट्टीचा, मुद्दा थोडक्यात: पोर्टेबलला ती येते, उलट्या कटरला बहुधा नसते. माझ्या दृष्टीने हा फरक अचूकतेपेक्षाही मोठा आहे.

पावसाळ्यात प्लायचं टेबल फुगतं, प्लेटभोवतीची कड वर येते आणि तुकडा तिथे अडतो. पोर्टेबलचा अ‍ॅल्युमिनियमचा माथा तसाच राहतो, पण आतल्या उंचीच्या स्क्रूवर भुसा आणि दमट हवा मिळून चिकटा धरतो. दर महिन्याला ब्रशने साफ करून त्याला कोरडं मेण लावावं. तेल नको, ते भुसा धरतं.

आवाजाच्या बाबतीत दोन्ही सारखीच, शेजाऱ्यांच्या दृष्टीने दोन्ही वाईट. आणि वर्षाला एखादंच कपाट करायचं असेल, तर उलटा कटरही पुरेल, त्यासाठी जास्त पैसे घालायची गरज वाटत नाही.

पोर्टेबल घ्यायला गेलात तर दुकानात मशीन चालू करून पाहण्यापेक्षा फेन्स लॉक करा आणि तिचं मागचं टोक अंगठ्याने आडवं दाबा. ते हललं तर दुसरं मॉडेल दाखवायला सांगा.