बाथरूमची फरशी स्वतः बसवताना: ग्राउटची व्हिनाइल टाइल की सिरॅमिक?

बाथरूमची फरशी कमी खर्चात आणि स्वतःच्या हातांनी बदलायची असेल, तर ग्राउट (टाइलांमधल्या फटी बुजवणारे मिश्रण) भरता येणारी व्हिनाइल, म्हणजे लवचीक प्लास्टिकची, टाइल आणि सिरॅमिक टाइल यांतला फरक सर्वांत आधी कापण्याच्या कामात जाणवतो. व्हिनाइलवर पट्टीच्या आधाराने धारदार कटर फिरवून ती वाकवली की सरळ तुटते, आणि कमोडच्या बुडाभोवतीचा गोल आकारही कागदी साच्यावरून नीट कापता येतो. सिरॅमिकला मात्र टाइल कटर, गोलाईसाठी ग्राइंडर आणि चिकटवणारा मसाला सुकेपर्यंत साधारण 24 तासांचा धीर लागतो.

व्हिनाइलची खरी परीक्षा खालच्या जमिनीवर होते. टाइल पातळ आणि लवचीक असल्यामुळे खालचा खड्डा, खडा किंवा जुना सांधा कालांतराने वर उमटतो, म्हणून जमीन सपाट, कोरडी आणि प्राइमर लावलेली हवी. या तयारीत घाई करू नये, असे मी कळकळीने सांगेन. सिरॅमिकखालचा मसाला किरकोळ उंचसखलपणा सामावून घेतो.

ग्राउटही वेगळे. सिरॅमिकला सिमेंटचे चालते, पण व्हिनाइल किंचित हलते, त्यामुळे तिच्या 2 ते 3 मिलिमीटरच्या फटींत तयार मिळणारे लवचीक अ‍ॅक्रिलिक ग्राउटच भरावे आणि भिंतीलगत सिलिकॉन लावावे.

शॉवरखाली, जिथे रोज पाणी पडते, तिथे मी व्हिनाइल लावणार नाही. तो भाग सिरॅमिकचाच. उरलेल्या कोरड्या भागात मात्र अनवाणी पायांना व्हिनाइल कमी गार लागते, आणि एखादी टाइल खराब झाली, तर ग्राउट खरवडून व हेअर ड्रायरने ऊब देऊन तेवढीच उचलता येते.